वन्सं आणि पश्चिमेचा बोळ

माझी नणंद हे साधं प्रकरण नाही, हे आधीच सांगून ठेवते. तीस वर्षं एका छपराखाली राहूनही आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या नाहीत, याचं निम्मं श्रेय माझं. उरलेलं निम्मं त्यांच्या कामाचं. सकाळी नऊला बाहेर पडल्या की संध्याकाळी सहाशिवाय तोंड दिसायचं नाही.

वन्सं दस्त लिहितात. नोंदणी कार्यालयाच्या आवारात भिंतीला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात सात टेबलं, त्यातलं तिसरं त्यांचं. घर विकणारा आणि घेणारा आधी तिथे येतात, दस्त लिहून घेतात, मग आत साहेबांपुढे जातात. टेबलावर कॉम्प्युटर, प्लास्टिकचं टोपडं घातलेला प्रिंटर, अंगठ्याच्या शाईची डबी आणि दस्ताची पानं शिवायला दाभण-दोरा. आवारात त्यांना सगळे ‘कलमबाई’ म्हणतात, कारण नुसतं “चहा घेणार का?” विचारलं तरी त्या “कोण देतंय आणि का?” हे आधी विचारतात.

लोक त्यांना दिवसभर तेच तेच विचारतात. मी डबा पोचवायला जायचे तेव्हा ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.

“बाई, इसार दिला, म्हणजे घर माझं झालं ना?”

“नाही. खरेदीखत नोंदवलं की झालं.”

“अहो, पण वीजबिल माझ्याच नावावर येतं!”

“मग बिल भरा. मालकी बिलावरून ठरत नाही.”

“वडील गेले. आता घर मी एकटा विकू शकतो ना?”

“बहिणी किती?”

“दोन. पण लग्नं झालीत त्यांची.”

“लग्न झालं म्हणजे मेल्या का? दोघींच्या सह्या आणा.”

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला, मागो न मागो, एक सल्ला फुकट: “वकील कागद बघतो, जागा तुम्ही बघा. दिवसाउजेडी उंबऱ्यात उभं राहायचं आणि दस्तात लिहिलेल्या चारही दिशा बोटाने दाखवायच्या. बोट अडलं की सही थांबवायची.” लोक हो हो म्हणायचे आणि सही करून मोकळे व्हायचे.

एवढं जगाला शिकवणाऱ्या बाईचं स्वतःचं घर नव्हतं. आमच्या मधल्या खोलीत कपाट आडवं लावलेलं, त्याच्या पलीकडे त्यांची कॉट. आणि मी घरात पाळणाघर चालवते. चौदा पोरं! त्यातलं एखादं दिवसाआड त्यांच्या कॉटवर जाऊन मुतायचंच. वन्सं चकार शब्द काढायच्या नाहीत. चादर उचलायच्या, धुवायच्या, वाळत घालायच्या. मला जागा हवी होती, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या त्या न बोलण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, हेही खरंच.

छप्पन्नाव्या वर्षी एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मी घर घेतेय.”

आमच्या ह्यांचा घासच अडकला. “ताई, तुला इथे कमी काय आहे?”

“कमी काही नाही रे,” वन्सं म्हणाल्या. “माझं काही नाही.”

ह्यांनी मान खाली घातली. मी उगाचच एका पोराचं नाक पुसलं.

घर मिळालं बाजाराच्या मागे. हार्डवेअरच्या दुकानाच्या बगलेतून आत शिरलं की सहा फुटी बोळ, आणि बोळात समोरासमोर दोन बैठी घरं. दोन्ही घरं मूळची त्या हार्डवेअरवाल्याची. बावीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी त्याने दोन्ही विकली. एक दिलं स्वतःच्या बहिणीला, दुसरं चित्रकलेच्या मास्तरांना. मास्तर आता निवृत्त होऊन मुलीकडे राहायला निघाले होते. दोन खोल्या, छोटासा ओटा, मागे खिडकी. वन्संनी स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवला आणि मान वळवली. त्यांचे डोळे भरले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं, एवढी अक्कल मलाही आहे.

दलालाने सांगितलं, सगळं स्वच्छ आहे. वकिलाने जुने कागद तपासून तसा दाखला दिला. वन्संनी इसार दिला, तारीख ठरली. घराच्या आनंदात जगाला दिलेला सल्ला मात्र बाई स्वतः विसरल्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधी आम्ही दोघी पडद्याचं माप घ्यायला गेलो. दुपारचे चार वाजले होते. मी दारात टेप धरून उभी, आणि ऊन थेट डोळ्यांत.

“वन्सं, या दाराला जाड कापड लागेल हो. ऊन बघा कसं तोंडावर येतंय.”

वन्सं एकदम थबकल्या. “किती वाजले?”

“चार.”

“म्हणजे हे दार पश्चिमेला.”

“हो. मग? पूर्वेला हवं होतं का?”

त्यांनी पिशवीतून मास्तरांच्या जुन्या दस्ताची झेरॉक्स काढली. घराच्या चार बाजूंना काय काय आहे ते दस्तात लिहितात, चतुःसीमा म्हणतात त्याला. वन्संनी मोठ्याने वाचलं, “पूर्वेस सामाईक बोळ. पश्चिमेस विकणाऱ्याची मिळकत.” आणि मटकन उंबऱ्यात बसल्या.

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. बोळ होता पश्चिमेला, आमच्या नाकासमोर. पूर्वेला कुणाच्या तरी गोदामाची आंधळी भिंत. म्हणजे कागदाप्रमाणे या घराला वाटच नव्हती! दार उघडलं की पाऊल थेट हार्डवेअरवाल्याच्या जागेत.

“कुठल्या गाढवाने लिहिलाय हा दस्त?” मी म्हणाले.

वन्संनी शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. खाली ‘लिहिणार’ म्हणून सही होती. मी ती सही ओळखते. आमच्या घरच्या वाण्याच्या वहीवर तीच असते.

“एकाच दिवशी दोन दस्त,” वन्सं म्हणाल्या. “आधी बहिणीचा केला. मग दुसऱ्यात फक्त घेणाऱ्याचं नाव बदललं आणि चतुःसीमा तशाच उतरवल्या. घरं समोरासमोर, वहिनी! एकाची पूर्व ती दुसऱ्याची पश्चिम. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे ही. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात.”

“मग त्यात काय एवढं? तुमच्या दस्तात तुम्ही बरोबर लिहा. कुणाला कळतंय?”

“मास्तरांच्या कागदावर जे नाही, ते मास्तर मला कसं विकतील? आधी त्यांचा दस्त दुरुस्त व्हायला हवा. त्यावर ज्याने विकलं त्याची सही लागते.”

म्हणजे हार्डवेअरवाल्याची. लगेच निघालो. तो माणूस गल्ल्यावर बसून खिळे तोलत होता. वन्संनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेसुद्धा. मी मागून पदर ओढत होते, पण ऐकतील तर वन्सं कसल्या!

त्याने तराजू खाली ठेवला. चेहऱ्यावर हसू असं पसरलं की मला तिथेच दोन द्याव्याशा वाटल्या. “बाई, दस्तात लिहिलंय ते खरं धरायचं, असं तुम्हीच सांगता ना लोकांना? पश्चिमेला माझी मिळकत. झालं तर मग, बोळ माझा.”

त्याला ते घर गोदामासाठी हवं होतं, हे मास्तरांनी मागाहून सांगितलं. दोनदा भाव पाडून मागितलं होतं, मास्तरांनी दिलं नव्हतं. आता वाट नसलेलं घर दुसरं कोण घेणार? वन्संनी त्याला आयतं कोलीत दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने मास्तरांच्या भिंतीला लागून प्लास्टिकच्या नळ्यांची ही भली मोठी रास रचली. मास्तर रोज बगळ्यासारखे पाय उचलत ये-जा करायला लागले.

मग सल्ल्यांचा पाऊस. वकील म्हणाला, “मी कागद बघितले होते, जागा बघणं माझं काम नाही. दावा लावा, दहा वर्षं धरून चला.” दलाल म्हणाला, “बाई, इसार परत घ्या आणि सुटा.” आमचे हे म्हणाले, “ताई, राहू दे. आहे ना आपलं घर.” वन्संनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. नोंदणी कार्यालयातून कसल्या तरी नकला काढून आणल्या आणि कपाटापलीकडे बसून लिहीत राहिल्या.

तारखेच्या दोन दिवस आधी दलाल पेढे मिळाल्यासारखा उड्या मारत आला. मधला मार्ग निघाला होता! हार्डवेअरवाला म्हणे नळ्या उचलेल आणि वन्संना बोळातून खुशाल जाऊ-येऊ देईल. अट एकच. दस्तात चतुःसीमा जुन्याच राहतील, म्हणजे कागदावर बोळ त्याचाच. “तो स्वतः साक्षीदार म्हणून सही करायला येतोय. दस्तही दुसऱ्या टेबलावरून तयार करून घेतलाय, तुम्हाला त्रास नको. एवढा मोठा माणूस शब्द देतोय, आणखी काय पाहिजे?”

“तोंडी?” वन्संनी विचारलं.

“तोंडीच. शेजारधर्म आहे, बाई!”

वन्सं गप्प बसल्या. ह्यांना वाटलं, पटलं. दलालाला वाटलं, पटलं. मलाही तसंच वाटलं, आणि संताप आला. जन्मभर दुसऱ्याच्या घरात चादरी धुतल्या, आता दुसऱ्याच्या मेहेरबानीवर बोळातून चालणार? पण म्हटलं, घर तर मिळतंय बाईला. मीही तोंड शिवलं.

ठरल्या दिवशी सगळे साहेबांच्या खोलीत. लांब टेबल, समोर कॅमेरा, बोट ठेवायचं यंत्र. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आलेले. हार्डवेअरवाला पाय पसरून खुर्चीत. साहेब वन्संना वीस वर्षं ओळखत होते. हसून म्हणाले, “आज बाई टेबलाच्या या बाजूला!”

आत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात. दस्त वाचला का, समजला का, मान्य आहे का. दिवसातून शंभरदा विचारायचा, त्यामुळे साहेब तो मान वर न करताच म्हणतात, आणि समोरचा ‘हो’ म्हणतो. मास्तर हो म्हणाले. मग वन्संची पाळी.

“वाचलं, समजलं, मान्य?”

“वाचलं,” वन्सं म्हणाल्या. “समजलं. मान्य नाही.”

साहेबांचं पेन हवेत राहिलं. दलाल म्हणाला, “बाई गंमत करतायत.”

“मी इथे चौतीस वर्षांत गंमत केलेली नाही.” वन्संनी पिशवीतून दोन नकला काढून टेबलावर ठेवल्या. “साहेब, हा मास्तरांचा दस्त. हा यांच्या बहिणीचा, त्याच दिवशीचा. दोन्हींवर सही यांची. बहिणीच्या दस्तात पूर्वेला काय लिहिलंय, वाचा.”

साहेबांनी वाचलं, “सामाईक बोळ.”

वन्सं हार्डवेअरवाल्याकडे वळल्या. “सामाईक म्हणजे दोघांचा. एक तुमची बहीण, तिचं दार बोळात. दुसरं कोण? बोळाच्या पलीकडे एकच घर आहे, मास्तरांचं. तुम्ही सही करून कबूल केलंय की बोळ एकट्याचा नाही.”

तो ताडकन उठला. “अहो, दोन्ही दस्त हिनेच लिहिलेत! स्वतःच चूक करते आणि माझ्यावर चढते. साहेब, असल्या बाईला परवाना कुणी दिला? आधी तो काढून घ्या!”

“तेही आणलंय,” वन्सं म्हणाल्या आणि तिसरा कागद ठेवला. स्वतःच्या हाताने लिहिलेला. मास्तरांच्या दस्तातल्या चतुःसीमा मी जागा न बघता दुसऱ्या दस्तावरून उतरवल्या, चूक संपूर्ण माझी आहे, खाली सही. कपाटामागे बसून त्या हे लिहीत होत्या तर!

साहेबांनी तो कागद वाचला आणि बाजूला सरकवला. हळूच म्हणाले, “बाई, हा परत घ्या. दाखल करून घेतला तर मला चौकशी लावावी लागेल. ती संपेपर्यंत टेबल बंद. किती महिने, मी सांगू शकत नाही.”

“वन्सं, घ्या तो परत!” मी ओरडले. चौदा पोरांना हाक मारायची सवय असलेला माझा आवाज, सगळी कचेरी वळली. “पोट आहे तुमचं ते!”

“वहिनी, तू गप्प बस.” मग साहेबांना म्हणाल्या, “तो कागद नसेल तर चूक झाली हे सिद्ध कशाने करायचं? मीच लिहिलं, मीच चुकले, हे मी नाही सांगायचं तर कुणी? मी माझ्या चुकीवर पडदा टाकून त्याच घरात झोपायचं? नाही जमणार. दाखल करून घ्या.”

मला त्यांचा राग आला, आणि इतका अभिमान वाटला की दोन्ही एकदम मावेनात. मी ह्यांचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला होता.

साहेबांनी शिक्का उचलला आणि मारला.

मग मास्तर बोलले. “मलाही मान्य नाही,” ते म्हणाले. “मघाशी हो म्हणालो, ते परत घेतो. मी मुलीकडे जात नाही. इथेच राहतो आणि दावा लावतो. मला आता घाई कसली? आयुष्यभर पोरांना सरळ रेघ मारायला शिकवलं, एक रेघ माझ्यासाठीही मारू.”

हार्डवेअरवाला पाय आपटत निघून गेला. वाटलं, गेलं घर. त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

पण वन्संनी आणखी एक काम केलं होतं. दोन्ही नकला त्या हार्डवेअरवाल्याच्या बहिणीच्या हातात देऊन आल्या होत्या. म्हणाल्या काहीच नाहीत, फक्त वाचा म्हणाल्या. बाई वाचणारी निघाली. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत तिने भावाला विचारलं, “काय रे, बोळ तुझा? मग माझं दार कुठे उघडतं? उद्या माझ्याही पायात नळ्या घालशील का?” त्याने म्हणे बरंच काय काय समजावलं. तिने एवढंच सांगितलं, “दुरुस्तीवर सही होत नाही तोवर मास्तरांच्या दाव्यात माझंही नाव घालते.” एकीला दाबता येतं, दोघी दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्यावर तो काय करणार? चौथ्या दिवशी आला, कुणाकडे न बघता सही ठोकली आणि गेला. पश्चिमेस सामाईक बोळ, असं कागदावर आलं. मग मास्तरांचं घर वन्संच्या नावावर झालं.

चौकशी मात्र लागली ती लागलीच. सात महिने झाले, तिसरं टेबल बंद आहे. आवारातले काही जण म्हणतात, कलमबाई संपल्या. काही जण अजून त्यांनाच शोधत बोळात येतात. वन्सं ओट्यावर बसून उत्तरं देतात, लिहून काही देत नाहीत. परवाना नाही म्हटल्यावर नाही. दुपारी एका शिंप्याकडे काजं-बटणं करतात. मी एकदा म्हटलं, “पश्चात्ताप होत नाही का हो?” तर म्हणाल्या, “होतो. बावीस वर्षांपूर्वी एकदा उठून बोळात येऊन बघितलं नाही, त्याचा.”

राहायला गेल्या त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आम्ही सगळे सामान लावायला गेलो होतो. कॉट खिडकीखाली लागली, भांडी फळीवर चढली, पडदा मी स्वतः शिवून नेला होता तो टांगला. काम कधीच संपलं होतं, पण हे उठेनात. बहिणीच्या घरात पहिल्यांदा बसले होते. इकडचं तिकडचं बोलत होते, डोळे पुसायला चष्मा काढत होते. मीही बसून राहिले. आपल्या मधल्या खोलीत आता कपाट भिंतीला लागणार, त्याच्या पलीकडे कुणी नसणार, हे मला बघायला जायचं नव्हतं. दिवेलागण झाली.

शेवटी वन्संच उठल्या. दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी घरातून घालवलं.

“निघा आता,” त्या म्हणाल्या. “मला आतून कडी लावायचीये.”